बॉक्स आपल्या घरात नाही, मोबाईल आहे

वाशिमकरांनो, २३ फेब्रुवारी २०२१ आठवते? पुण्यातल्या एका तरुणीच्या मृत्यूवरून वादात सापडलेले तेव्हाचे वनमंत्री संजय राठोड त्या दिवशी पोहरादेवीला आले. कोरोना वाढत असताना हजारोंची गर्दी उसळली आणि वृत्तवाहिन्यांनी ती घरोघरी थेट दाखवली. त्याआधी कित्येक दिवस त्या प्रकरणातल्या कथित ऑडिओ क्लिप टीव्हीवर वाजत होत्या. मुलीच्या घरच्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न कुणाला पडला?

टीआरपीसाठी हे चालतं, असं आपण म्हणतो. पण गंमत बघा, तेव्हा वृत्तवाहिन्यांचा टीआरपी बंद होता! ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला, तेव्हा टीआरपी मोजणाऱ्या ‘बार्क’ या संस्थेनं बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे थांबवले. ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. मधल्या काळात आरडाओरडा काही कमी झाला नाही. खोड मुरलेली होती.

तेव्हा देशभरात जेमतेम ४४ हजार घरांत मोजणीचा बॉक्स होता. त्यातल्या काही घरांना महिन्याला चारशे-पाचशे रुपये देऊन ठरावीक चॅनेल लावून ठेवायला सांगितलं, असा पोलिसांचा आरोप होता. (मार्च २०२४ मध्ये न्यायालयाच्या परवानगीनं सरकारनं तो खटला मागे घेतला.) इतक्या थोड्या घरांवर जाहिरातींचा पैसा ठरतो, म्हणून रिमोट घेऊन बसलेल्याला थांबवायला किंचाळावं लागतं. सोयाबीनचा भाव पडला, ही बातमी किंचाळून सांगता येत नाही.

तुमच्या घरी तो बॉक्स बहुधा नसेल, म्हणजे रागानं टीव्ही बंद केला तरी कुणाला कळणार नाही. मोबाईलचं मात्र तसं नाही. तिथं तुम्ही उघडलेला व्हिडिओ मोजला जातो, शिव्या घालायला उघडला तरीही. तेव्हा कुणाच्या मरणाची क्लिप गावच्या ग्रुपवर आली तर उघडू नका, पुढे ढकलू नका. रिसोड-कारंज्याच्या बाजार समितीची, पीकविम्याची बातमी कुणी नीट दिली, तर ती मात्र शेवटपर्यंत बघा.

आणि फारच खटकलं, तर वाहिनीचं नाव, तारीख, वेळ टिपून ठेवा आणि त्या वाहिनीकडेच लेखी तक्रार करा. २०२१ च्या नियमांनुसार तिनं १५ दिवसांत निर्णय कळवायचा असतो. कळवला नाही किंवा पटला नाही, तर ती वाहिनी ज्या स्वयंनियमन संस्थेची सदस्य आहे, तिथं पुढच्या १५ दिवसांत अपील करता येतं.