निवडुंग तहानलेला की बुडालेला?

कुंडीतला निवडुंग सुरकुतला की आपल्याला एकच उपाय सुचतो, तो म्हणजे पाणी. नेमक्या याच उपायाने घरातले बहुतेक निवडुंग मरतात, असे माझे स्पष्ट मत आहे. मी पदार्थविज्ञान शिकवतो, वनस्पतिशास्त्र नव्हे. पण कुंडीत जे बिघडते त्यातले बरेचसे पदार्थविज्ञानाच्याच कक्षेत मोडते.

आमच्या माजलगावात कुंडी भरायची म्हणजे शेतातली काळी माती आणायची. कापसाला ती उत्तम. तिचे कण अतिशय बारीक असतात, भिजले की फुगतात आणि पाणी धरून ठेवतात. निवडुंगाच्या मुळांना मात्र पाण्याइतकीच हवाही लागते. मातीतली छिद्रे सतत पाण्याने भरलेली राहिली तर मुळे गुदमरतात, मग बुरशी त्यांना कुजवते. कुजलेली मुळे पाणी शोषू शकत नाहीत. म्हणजे माती ओली आणि झाड तहानलेले! वर सुरकुत्या दिसतात आणि आपण आणखी एक तांब्या ओततो.

"तळाशी खडी घाला, पाणी निघून जाईल," असे जाणती माणसेही सांगतात. मला ते मान्य नाही. बारीक मातीतले पाणी केशाकर्षणाने धरलेले असते. खाली मोठ्या फटी आल्या तर ते त्यांत सहजी उतरत नाही, खडीच्या वरच साचून राहते. एक स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणे थांबले की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळू लागेल. पाण्याच्या स्तंभाची उंची वाढली की गुरुत्वाकर्षण केशाकर्षणावर मात करते. तळाशी खडी घालून आपण मातीचा थर उलट बुटका करतो! खडी मातीतच मिसळावी. निम्म्याहून अधिक विटांचा भरड चुरा किंवा जाड वाळू असावी, आणि कुंडीला भोक असावे.

आता रोगी तपासू. खोड सुरकुतलेले पण टणक, माती कोरडी, तर ती साधी तहान. माती ओली असूनही सुरकुत्या, किंवा बुंधा मऊ आणि पिवळा, तर झाड उपटून मुळे पाहा. शेंडा फिकट आणि बारीक होत गेला तर उजेड कमी. मात्र अशी कुंडी एकदम वैशाखाच्या उन्हात नेऊ नका, खोड भाजते. दोन-तीन आठवड्यांत हळूहळू न्या. कापसासारखे पांढरे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढा. (याचाच एक भाऊबंद, कोचिनील कीटक, १९२६ पासून दक्षिण भारतात फड्या निवडुंगावर मुद्दाम सोडला आणि त्याने माजलेली निवडुंगाची राने आटोक्यात आणली.) जुन्या खोडाचा बुंधा तपकिरी आणि टणक झाला असेल तर ते वय आहे, रोग नव्हे.

कुजलेला भाग स्वच्छ पात्याने, आतला गर निरोगी दिसेपर्यंत कापून टाका. तुकडा आठ-दहा दिवस सावलीत कोरडा ठेवा, जखमेवर खपली धरेल. मुळांवाचून तो इतके दिवस जगतो कसा? निवडुंगाची रंध्रे दिवसा मिटलेली आणि रात्रीच्या गारव्यात उघडी असतात, त्यामुळे पाणी फार थोडे उडते. मग कोरड्या मिश्रणात लावा आणि आठवडाभर पाणी देऊ नका. आपला तीनधारी निवडुंग मात्र कॅक्टस नव्हे, शेराच्या कुळातला आहे. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर इजा होते, तेव्हा ते काम मोठ्यांनी करावे.

"दर रविवारी पाणी" हा नियमही सोडून द्यावा. रविवार मातीला कळत नाही. पाणी घालून निथळल्यावर कुंडी ताणकाट्याला टांगा आणि रोज वजन लिहा. वजन घटायचे थांबेपर्यंत पाणी देऊ नका. आषाढात आणि चैत्रात हे दिवस किती वेगळे येतात, याचा आलेख जरूर काढा.