अपशकुनाचे तोंड

शिंक आली म्हणून उंबऱ्यात क्षणभर थांबणारा, मांजर आडवे गेले म्हणून चार पावले मागे सरणारा, परीक्षेला ठरावीक पेनच नेणारा माणूस हा आपल्याकडे सौम्य विनोदाचा विषय असतो. त्याच्याविषयी सुशिक्षित वर्तुळात एक वाक्य ठरलेले आहे : 'त्याची वैयक्तिक श्रद्धा आहे, कुणाचे काय बिघडते?' आमचा वाद त्या माणसाशी नाही, या वाक्याशी आहे. हे वाक्य वरकरणी उदार दिसते; प्रत्यक्षात ते ज्याचे बिघडते त्याच्याकडे पाहण्याचे टाळण्याची सोय आहे.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करू. जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात धावडा हे गाव आहे. कपाशी-मक्याच्या या कोरडवाहू मुलखात पेरणी हाच एक जुगार असतो. मृगाचे वाहन यंदा कोणते, बेडूक की कोल्हा, असे तिथला शेतकरी पंचांगाला विचारत असेल, तर त्यात हसण्यासारखे काय आहे? शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी घटमांडणी होते. पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे, वर पाण्याने भरलेली घागर, भोवती धान्ये. रात्रीतून त्यांत काय हलले यावरून पहाटे पाऊसपाण्याचे भाकीत सांगितले जाते. मानवशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी ट्रॉब्रिअंड बेटांवर नोंदवले होते, की खाजणाच्या शांत पाण्यात मासेमारी करणाऱ्याला मंत्रतंत्र लागत नाही. जीव धोक्यात घालून खुल्या समुद्रावर जाणाऱ्याला लागतात. अनिश्चितता जितकी मोठी, तितका शकुनाचा आधार मोठा. ठरल्या तारखेस वेतन घेणाऱ्या आम्हां मंडळींना या भीतीची टिंगल करण्याचा अधिकार नाही.

पण घागरीला अपमान कळत नाही, ढेकळाला दुःख होत नाही. प्रश्न सुरू होतो तो अपशकुनाला माणसाचे तोंड चिकटते तेव्हा. 'आज सकाळी कुणाचे तोंड पाहिले होते कोण जाणे' हे वाक्य आपण किती सहज उच्चारतो! सवाष्ण भरली घागर घेऊन समोर आली तर शुभ. तीच घागर घेऊन विधवा आली तर काम नासले. नवी सून घरात आली आणि त्याच वर्षी विहीर आटली, तर दोष भूजलाचा नसतो, तिच्या पायांचा असतो; तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणतात. या निवडीत एक विलक्षण शहाणपण आहे. ज्याच्या दारी कर्जासाठी उभे राहायचे, त्या सावकाराचे तोंड अपशकुनी ठरल्याचे आमच्या ऐकिवात नाही. नशिबाची दृष्टी आंधळी म्हणतात. तिला उलट उत्तर देऊ न शकणारे मात्र अचूक दिसतात.

याचा लेखी पुरावा हवा असेल तर तो सातारा जिल्ह्यात मिळाला. मुलीमागून मुलगी झाली, की शेवटचीचे नाव 'नकुशा' ठेवायचे, म्हणजे पुढे मुलगा होतो, ही तिथल्या अनेक घरांतली 'वैयक्तिक' समजूत. ऑक्टोबर 2011 मध्ये जिल्हा परिषदेने अशा 285 मुलींची नावे समारंभपूर्वक बदलली. तोवर शाळेच्या हजेरीपटावर रोज सकाळी त्यांना त्या नावाने पुकारले जात होते, आणि त्या 'हजर' म्हणत होत्या. कुणाचे काय बिघडते, याचे उत्तर त्या एका शब्दात आहे.

कायद्याने हे मिटेल असे आम्ही मानत नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकरांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतली 12 कृत्ये नरबळी, भूत उतरवण्यासाठी मारहाण, अशा स्वरूपाची आहेत. तिथे शिंकेला आणि मांजराला जागा नाही, आणि ते योग्यच आहे; माणसाच्या मनात पोलीस शिरू नयेत. परंतु जिथे कायदा थांबतो तिथे समाजाची जबाबदारी सुरू होते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामसभेने ती ओळखली. पतीच्या निधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव तिने मे 2022 मध्ये केला, आणि त्याच महिन्यात शासनाने इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवण्यास सांगितले.

एका ग्रामसभेला जे जमले ते साहित्याच्या वर्गाला का जमू नये? आमची खरी तक्रार इथे आहे. कथा-कादंबरीत शकुन आला, की आमची समीक्षा 'लोकमानस', 'लोकसंचित', 'आदिबंध' अशी वजनदार विशेषणे घेऊन धावते. टिटवीचे ओरडणे वातावरणनिर्मिती ठरते, पांढऱ्या पायाची सून शोकात्म नायिका ठरते, आणि तिच्यावर तो शिक्का कुणी मारला, त्यातून कुणाची सुटका झाली, हा प्रश्न परीक्षेत येत नाही. लेखकाने शकुन रंगवू नये असे आम्ही म्हणत नाही, तो रंगवावाच. वाचणाऱ्याने मात्र प्रत्येक शकुनापाशी एवढे विचारावे : या वाक्यात नशीब कुणाचे, आणि किंमत कुणाची?

'पांढऱ्या पायाची', 'नकुशा', 'तोंड पाहणे' हे आमच्या अभ्यासाचेच शब्द आहेत. ते वापरात राहतात याची जबाबदारी भाषा शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांची नसेल, तर ती कुणाची?