मोबाइल पिशवीत घालाल, टॉवर कशात घालणार?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण ज्यांचे आईवडील गावाला एकटे राहतात, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मे २०२५ मध्ये देशभर मॉक ड्रिल झालं. भोंगे वाजले, यादीत आपल्या रत्नागिरी जिल्ह्याचंही नाव होतं. तेव्हापासून व्हॉट्सअॅपवर एक नवीन धंदा सुरू झालाय. "शत्रूने ईएमपी बॉम्ब टाकला तर तुमच्या घरातलं प्रत्येक यंत्र एका सेकंदात जळेल. आजच घ्या आमची ईएमपी प्रूफ पिशवी. सोबत इमर्जन्सी रेडिओ, त्यात सोलर, डायनॅमो, टॉर्च, सायरन, वेदर बँड, सगळं काही." गेल्या काही महिन्यांत माझ्या दुकानात असे चार-पाच रेडिओ दुरुस्तीला आले. सगळे मुंबईच्या मुलांनी गावच्या आईवडिलांना पाठवलेले. मी दापोलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतो, त्यामुळे या विषयावर चार शब्द बोलायचा मला हक्क आहे असं समजतो.

आधी हे सांगतो की ईएमपी ही थाप नाही. ईएमपी म्हणजे विद्युतचुंबकीय झटका. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर अणुस्फोटाची चाचणी केली, तेव्हा चौदाशे किलोमीटरहून दूर असलेल्या हवाई बेटांवरचे काही रस्त्यांवरचे दिवे गेले. सूर्यावरच्या वादळानेही तारांमध्ये नको तो प्रवाह येतो. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात त्यामुळे वीज गेली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास विजेविना राहिले. म्हणजे विज्ञान खरं आहे. खोटा आहे तो त्यावरचा बाजार.

कसा ते बघा. हा झटका पकडायला अँटेना लागते, आणि सगळ्यात मोठी अँटेना म्हणजे लांबच लांब तारा. विजेच्या लाइनी, टेलिफोनच्या तारा, घरातलं वायरिंग. सूर्याच्या वादळाचा त्रास तर जवळजवळ सगळा या लांब तारांनाच होतो. खिशातल्या रेडिओला त्याचं काही सोयरसुतक नसतं. अणुस्फोटाचा झटका जास्त तिखट असतो, तो छोट्या वस्तूंनाही इजा करू शकतो. पण तिथेही प्लगला लावलेल्या टीव्हीपेक्षा, अँटेना मिटून कपाटात ठेवलेला सेलवरचा रेडिओ वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त.

आता त्या पिशवीचं. समजा, ती पिशवी अगदी अस्सल आहे. समजा, झटका आला आणि तुमचा मोबाइल तिच्यात सुखरूप राहिला. बाहेर काढलात. पुढे? डोंगरावरचा टॉवर कोणी पिशवीत घातला होता? त्याला वीज देणारं सबस्टेशन? तिकडची यंत्रणा बसली, तर तुमच्या हातातला मोबाइल म्हणजे टॉर्च आणि जुने फोटो. याचे हजारो रुपये मागतात, आणि आपली शिकलीसवरलेली माणसं देतात.

मला खरा राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. आम्हा कोकणवाल्यांना "सगळं बंद पडलं तर काय" हे समजावायला शत्रूचा बॉम्ब कशाला हवा? ३ जून २०२० विसरलात? निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या सगळ्या पट्ट्यात खांब काडीसारखे मोडले. मोबाइल कित्येक दिवस मुके होते. काही गावांत वीज यायला आठवड्यांवर आठवडे गेले. वर कोरोनाचा लॉकडाऊन. मुंबईतली मुलं इकडे फोन लावून लावून रडकुंडीला आली होती, आणि इकडे म्हातारी माणसं उडालेल्या कौलांखाली बसून विचारत होती, "अजून एक येणारे म्हणतात, खरं का?" वर्षभरात तौक्ते आलं. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. गरज होती तेव्हाच फोन लागत नव्हते. पुरात अफवा पाण्याच्या आधी पोचते, आणि ती खोटी ठरवणारा आवाज घरात नसतो. सगळं ठप्प म्हणजे काय हे आपण भोगलंय. त्यासाठी अणुबॉम्ब लागला नाही, वारा आणि पाणी पुरलं.

आपला खरा ईएमपीही आपण दरवर्षी बघतो. मे महिन्यात आणि परतीच्या पावसात वीज कडाडते ती कुठल्यातरी लांबच्या खांबावर, आणि जळतो तो आपल्या घरातला राउटर, सेटटॉप बॉक्स, फ्रिजचं कार्ड. झटका तारेतून येतो. त्यावर पिशवी हा उपाय नाहीच. गडगडाट सुरू व्हायच्या आधी प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. डिश आणि केबलची वायरही काढा. घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कोकणात कातळावरच्या घरांचं अर्थिंग बरेचदा नावालाच असतं. वीज पडण्याचा इशारा देणारं पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी अॅप आहे, ते जरूर ठेवा. पण लक्षात ठेवा, तेही नेटवर्क असेल तोवरच.

मग रेडिओ कोणता घ्यायचा? दुकानदार म्हणून नाही, घरचा माणूस म्हणून सांगतो.

पहिली गोष्ट, त्याला एफएमबरोबर मध्यम लहर, म्हणजे मीडियम वेव्ह, हवीच. एफएमची लहर सरळ जाते, डोंगर आडवा आला की अडते. आपल्याकडे प्रत्येक वाडीला एक डोंगर आडवा आहे. मीडियम वेव्ह जमिनीला आणि समुद्राला धरून लांब येते, आणि रात्री तर आणखी लांबून. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे मीडियम वेव्हला नुसती खरखर येते. बरोबर आहे. ती खरखर बरीचशी तुमच्या एलईडी बल्बची आणि चार्जरची असते. गावाची वीज गेली की तीही जाते, आणि रेडिओ सगळ्यात स्वच्छ लागतो तो नेमका तेव्हाच.

दुसरी, रेडिओ बाजारात मिळणाऱ्या साध्या सेलवर चालणारा हवा. आत कायमची बॅटरी बसवलेला नको. ती बॅटरी पडून पडून मरते, आणि वादळाच्या दिवशी चार्ज कुठे करणार? पेन्सिल सेलवरचा छोटा रेडिओ कमी आवाजात रोज दोन-तीन तास ऐकला, तर चांगले अल्कलाइन सेल दोन आठवडे तरी जातात. पण सेल रेडिओत घालून ठेवू नका. ते पाझरतात आणि स्प्रिंगला गंज चढतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या रेडिओंचा आजार हाच असतो. सेल वेगळे, कोरड्या डब्यात ठेवा आणि गणपतीला घर झाडताना दरवर्षी बदला.

तिसरी, चमचमाटावर पैसे घालवू नका. रेडिओच्या पाठीवरची बोटभर सोलर पट्टी जुलैतल्या कोकणात काय चार्ज करणार? डायनॅमोचा दांडा वाईट नाही, पण मिनिटभर फिरवला की थोडा वेळच वाजतो, आणि आतली प्लॅस्टिकची दाती लवकर झिजतात. ते "वेदर बँड" तर निव्वळ हसण्यावारी न्यायची गोष्ट. तो अमेरिका-कॅनडातल्या हवामान केंद्रांसाठी आहे, इथे त्या पट्ट्यावर कोणी बोलतच नाही. अमेरिकेसाठी बनवलेले काही डिजिटल रेडिओ मीडियम वेव्हवर दहा-दहा किलोहर्ट्झच्या पायऱ्यांनी सरकतात. आपली केंद्रं नऊच्या पायऱ्यांवर आहेत. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर, आणि हा थांबतो ५६० वर. आवाज फाटणारच. म्हणून पायरी बदलता येते का ते आधी विचारा, नाहीतर सरळ काटा फिरवायचा जुना प्रकार घ्या. आणि परवान्याची भानगड समजून घेतल्याशिवाय ऑनलाइन वॉकीटॉकी मागवू नका. रेडिओ नुसता ऐकायला परवाना लागत नाही, बोलायला बहुतेक वेळा लागतो. ज्याला खरंच बोलायचंय त्याने हॅम रेडिओची परीक्षा द्यावी. वयाच्या बाराव्या वर्षापासून देता येते. २००४ च्या त्सुनामीत अंदमानची खबरबात हॅमवाल्यांनीच बाहेर पोचवली होती.

आणि एवढं करूनही ईएमपीची धाकधूक असेलच, तर घरचा उपाय आहे. बिस्किटांचा घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. आत सगळीकडून पुठ्ठा लावा, रेडिओ पत्र्याला टेकता कामा नये. झाकण आणि डबा यांचा पत्रा पत्र्याला भिडला पाहिजे, मध्ये रंग असेल तर कडा घासून घ्या आणि फटीवर अॅल्युमिनियमची चिकटपट्टी फिरवा. भोक नको, बाहेर येणारी वायर नको. मायकेल फॅरेडेने १८३६ साली दाखवलेलं तत्त्व हेच, आणि ती महागडी पिशवीसुद्धा त्यावरच चालते. तपासायचंय? एफएम चालू करून रेडिओ आत ठेवा. गाणं ऐकू आलं तर डबा गळका. थांबलं म्हणजे शंभर टक्के खात्री नव्हे, पण चार आण्याच्या भीतीला चार आण्याचा उपाय पुरे.

आता मुद्द्याचं. तुम्ही रेडिओ घेतलात, सेल ठेवलेत, डबाही केलात. पण पलीकडून बोलणार कोण?

सरकार म्हणतं, मोबाइलवर इशारा येईल. २०२३ मध्ये चाचणीच्या मेसेजने सगळ्यांचे मोबाइल एकदम किंचाळले होते, आठवत असेल. व्यवस्था चांगली आहे. वादळ यायच्या आधी ती जीव वाचवील. पण वादळ आल्यानंतर, टॉवर आडवा झाल्यावर, ती मुकी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने मोबाइल कंपन्यांना सांगितलं की हँडसेटमधला एफएम रेडिओ बंद ठेवू नका. सांगितलं म्हणजे सल्ला दिला. तुमच्या नव्या फोनमध्ये एफएम आहे का बघा, म्हणजे त्या सल्ल्याची किंमत कळेल.

आणि आकाशवाणी? सगळा भर एफएमवर. जानेवारी २०२३ मध्ये आकाशवाणी-दूरदर्शनसाठी सुमारे २,५४० कोटींची योजना मंजूर झाली. तिचं उद्दिष्ट काय, तर एफएम देशाच्या ५९ टक्क्यांऐवजी ६६ टक्के भूभागावर आणि ६८ ऐवजी ८० टक्के लोकांपर्यंत पोचवायचं. म्हणजे योजना शंभर टक्के यशस्वी झाली तरी एक तृतीयांश देश आणि दर पाचातला एक माणूस एफएमच्या बाहेर. तो पाचवा माणूस कुठे राहतो? मरीन ड्राइव्हला नाही. तो डोंगराच्या कुशीतल्या वाडीत राहतो. त्याचा आधार मीडियम वेव्ह. आणि नागपूरहून मीडियम वेव्हवर रात्रभर चालणारी राष्ट्रीय वाहिनी काही वर्षांपूर्वीच गुंडाळली गेली. खाजगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही. त्यांनी फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायचं. मग वादळाच्या रात्री वाडीला सांगणार कोण?

"आता रेडिओ कोण ऐकतं?" हा प्रश्न मला रोज विचारतात. २८ एप्रिल २०२५ ला स्पेन आणि पोर्तुगालची वीज एकदम गेली. युरोपातले देश, सगळ्यांच्या खिशात स्मार्टफोन. त्या दुपारी लोक दुकानांत शोधत काय होते? सेलवरचे रेडिओ. रस्त्यावर एका ट्रान्झिस्टरभोवती घोळके उभे होते. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणतात ते हेच. आपली विहीर तर खणलेली आहे, ती बुजवू नका एवढंच मागणं आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या. ग्रामसभेत ठराव घ्या, आमदार-खासदारांना द्या, जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्या.

एक, किनारपट्टीच्या जिल्ह्यांसाठीची मीडियम वेव्ह सेवा चालू ठेवायची, आणि प्रक्षेपण केंद्रावर आठवडाभर पुरेल एवढ्या डिझेलची सोय पावसाळ्याआधी करायची.

दोन, आपत्तीच्या काळात ठरलेल्या वेळी, दर तासाला, तालुक्याचं नाव घेऊन स्थानिक निवेदन. कुठला रस्ता बंद, कुठल्या शाळेत निवारा, धरणातून पाणी सोडणार आहेत की नाही. कोणत्या लहरीवर ऐकायचं, ते आधीच एसटी स्टँडवर, रेशन दुकानात, शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवायचं.

तीन, डोंगराआडच्या खोऱ्यांसाठी सामुदायिक रेडिओ. शिक्षणसंस्था, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं आणि नोंदणीकृत संस्थांना त्याचा परवाना मिळतो. तो मिळवण्यासाठी पाठपुरावा करायला माणसं लागतात, आणि ती आपल्याकडे आहेत.

चाकरमान्यांनो, गणपतीला याल तेव्हा पिशवी आणू नका. सातशे-हजाराचा साधा रेडिओ आणा, सोबत सेलची दोन पाकिटं. आईला, बाबांना समोर बसवून काटा फिरवायला शिकवा. दिवसा कोणतं केंद्र लागतं आणि रात्री कोणतं, ते मोठ्या अक्षरांत लिहून रेडिओच्या पाठीवर चिकटवा.

आणि तुमच्या वाडीत मीडियम वेव्हवर काय लागतं, काय लागत नाही, ते गावाच्या नावासह इथे खाली लिहा. मी गावांची यादी करतोय. निवेदनाला ती जोडली, की "तिकडे सगळीकडे ऐकू येतं" असं साहेबांना म्हणता येणार नाही.