हिशेब मागणे हा लाभार्थीचा हक्क



कौटुंबिक ट्रस्टचा हिशेब मागितला की घरात पहिला प्रश्न येतो, 'काकांवर विश्वास नाही का?' माझी मावसबहीण सध्या हेच ऐकते आहे. आजोबांनी नातवंडांच्या नावे ट्रस्ट केला. दोन दुकानांचे भाडे त्यात येते आणि थोरले काका विश्वस्त आहेत. मुलाच्या कॉलेजच्या फीसाठी तिने आपला वाटा मागितला. आधी 'कागद सीएकडे आहेत', मग 'तुझ्या भल्याचे मला कळते', आणि आता ते फोनच उचलत नाहीत. ट्रस्ट डीड तिने अजून डोळ्यांनी पाहिलेले नाही.

१८८२चा भारतीय न्यास कायदा मात्र तिच्याच बाजूने आहे. लाभार्थीने मागितल्यावर मालमत्तेची पूर्ण आणि खरी माहिती देणे विश्वस्ताला कलम १९ने बंधनकारक आहे. ट्रस्ट डीड आणि हिशेब पाहण्याचा, त्यांच्या नकला घेण्याचा हक्क कलम ५७ देते. 'पैसे कधी द्यायचे हे मी ठरवणार' असे म्हणणाऱ्याने तो अधिकार सद्भावनेने वापरला नाही, तर कलम ४९प्रमाणे न्यायालय त्याला आवर घालू शकते. विनाकारण रखडवलेल्या रकमेवर त्याला व्याजही भरावे लागू शकते. स्थावर मालमत्तेचे डीड नोंदवलेले असेल, तर त्याची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते. त्यासाठी काकांची मनधरणी करावी लागत नाही.

हे हक्क मिळवून कोण देणार, तिथे गाडी अडते. धर्मादाय आयुक्त सार्वजनिक न्यासांपुरते. पोलिस ठाण्यात गेले तर 'हा दिवाणी मामला आहे' म्हणून बहुधा परत पाठवतात. ट्रस्ट डीडमधल्या कलमाच्या आधारे असे वाद लवादाकडे नेता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मुंबईतल्या एका कौटुंबिक ट्रस्टच्या प्रकरणात स्पष्ट केले. उरतो तो दिवाणी दावा, आणि तो किती वर्षे चालतो हे वाचकांना सांगायला नको. त्यातही मला सर्वांत चीड येते ती खर्चाची. कलम ३२ विश्वस्ताला रास्त खर्च ट्रस्टमधून घेऊ देते. त्याचा आडोसा करून तो वकिलाची फीही तिथूनच भागवतो. म्हणजे बहिणीच्याच पैशांनी तिच्याविरुद्ध लढायचे!

कलम १९मध्ये मुदतच नाही. हिशेब तीस दिवसांत द्यावा, न दिल्यास साध्या अर्जावर जिल्हा न्यायालयाने तो मागवावा आणि न्यायालयाच्या परवानगीशिवाय विश्वस्ताने लढाईचा खर्च ट्रस्टवर टाकू नये, एवढी दुरुस्ती संसदेने करावी. लाभार्थी उठसूट छळतील, ही भीती मला पटत नाही. हिशेब नीट ठेवणे याच कलमाने विश्वस्तावर आधीच बंधनकारक आहे. तयार वही दाखवायला तीस दिवस पुष्कळ झाले.

– एक वाचक, पुणे