मांसातले किडे कुणाला दिसतात?

रशियन सिनेमा कुणाच्या बापाची इस्टेट नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. मग पुढचं बोलू.

या शहरात त्याच्यावर दोन टोळ्यांचा कब्जा आहे. एक फिल्म सोसायटीवाले. त्यांनी तो अत्तराच्या कुपीसारखा कपाटात ठेवला. वर्षातून दोनदा बाहेर काढायचा, हुंगायचा, 'माँटाज, माँटाज' म्हणत माना डोलवायच्या, परत कुलूप. अण्णाभाऊ 1961 मध्ये रशियाला जाऊन आले, 'माझा रशियाचा प्रवास' लिहिला, पण यांच्या पत्रकात मला त्यांचं नाव कधी दिसलं नाही. दुसरे आपले लाल भाऊ. त्यांनी त्याची पोथी केली. सात नोव्हेंबर आला की सोडायची, हळदकुंकू वाहायचं, गुंडाळून ठेवायची. पोथीला प्रश्न विचारायचे नसतात. आणि आपण? आपण दोघांच्याही दारात चपला सांभाळत उभे.

बस झालं. आता आत जाऊ आणि आपल्या डोळ्यांनी बघू.

'बॅटलशिप पोटेमकिन' घ्या. मॉस्कोत पहिल्यांदा दाखवला 1925 च्या डिसेंबरात. गोष्ट 1905 सालच्या बंडाची. फिल्म सोसायटीत हा पिक्चर मी पाहिला, त्यानंतर रीतसर चर्चा झाली. (सोसायटीचं नाव घेत नाही, सगळ्या एकाच कारखान्यातल्या.) पाऊण तास फक्त ओडेसाच्या जिन्यावर. शॉट किती सेकंदांचा, बाळाची गाडी कुठल्या पायरीवर, चष्मा कसा फुटतो. बरोबर आहे, जिना जबरदस्तच आहे. पण भल्या माणसांनो, जिन्यापर्यंत गोष्ट येते कशानं? मांसानं! पहिल्या अंकाचं नावच 'माणसं आणि किडे'. जहाजावर टांगलेल्या मांसात किडे वळवळतायत. खलाशी ओरडतात. जहाजाचा डॉक्टर येतो, नाकावरचा चष्मा काढतो, दुमडून भिंगासारखा धरतो, मांसाला डोळा लावतो. पडदाभर किडे. आणि हा शिकलेला माणूस सांगतो, किडे नाहीतच, मिठाच्या पाण्यानं धुतलं की झालं.

मी एवढंच विचारलं की या मांसावर कुणीच कसं बोललं नाही. चर्चा चालवणारे गृहस्थ म्हणाले, आपण जरा फॉर्मवर राहू या.

च्यायला, फॉर्मवर राहू या! ज्यांच्या सात पिढ्यांच्या ताटात असलं मांस पडलं नाही, त्यांना ते मांस दिसणार कसं? आमच्या आज्यापणज्यांनी मेलेल्या ढोराचं मांस खाल्लं, कारण गावानं तेवढंच ठेवलं होतं. 'पोटेमकिन'नंतर सव्वा वर्षानं, 1927 च्या मार्चात, महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितलं, ते मांस सोडा, शिळंपाकं उष्टं सोडा. मग लोक चवदार तळ्यावर चालत गेले. मांस नाकारलं तिथून आमचा माणूस सुरू झाला. त्या खलाशांचंही तेच. सूप पिणार नाही म्हणाले आणि अधिकाऱ्यांनी त्यांच्या अंगावर ताडपत्री टाकून बंदुका रोखल्या. ताडपत्री कशाला? गोळी घालणाऱ्याला चेहरा दिसू नये म्हणून. चेहरा झाकला की मारणं सोपं जातं, हे आम्हाला कुठल्या फिल्म इन्स्टिट्यूटनं शिकवायला नको.

त्याच वर्षी आयझेनस्टाइनचा 'संप' आला. त्याच्या शेवटी सैन्य कामगारांना गोळ्या घालतं आणि मधेमधे खाटीकखान्यात कापला जाणारा बैल दिसतो. हाताला सुरी, गळ्यातून रक्त. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळ्यांवर रुमाल धरला. मी रुमाल धरला नाही. माझ्या आजोबांनी ढोरं सोललीत, मला त्यात भीती वाटण्यासारखं काय असणार?

आणि गंमत पुढेच आहे. खुद्द आयझेनस्टाइननं 1925 मध्येच हे लिहून ठेवलंय. बैलाच्या रक्तानं कामगार हादरला नाही, कारण त्याला ते रक्त पाहून खाटीकखान्याशेजारचा कारखाना आठवतो. आणि शेतकरी तर घरचं जनावर स्वतःच कापतो, त्याच्यावर परिणाम शून्य. रिगातल्या इंजिनिअरचा हा पोरगा 27 वर्षांचा होता, त्याला एवढं कळलं आणि त्यानं ते छापलं. एकच चित्र सगळ्यांना सारखं दिसत नाही. बघणारा कुठून आलाय, कुठल्या कामातून आलाय, त्यावर सगळं आहे. आमचे समीक्षक त्याची पुस्तकं पाठ करून म्हातारे झाले, पण हे वाक्य त्यांच्या घशाखाली उतरलं नाही. कारण ते मान्य केलं की मग विचारावं लागतं, साहेब, तुमचा डोळा कुठल्या आळीतला?

माझं आयझेनस्टाइनशीही भांडण आहे. सुरी धरणारा तो माणूस कोण? तोही कामगारच की! सकाळी कामावर येतो, रक्तात उभा राहतो, रोज घेऊन घरी जातो. रूपकाच्या हौसेपोटी त्याला झारच्या सैन्याशेजारी नेऊन बसवला. रक्तात काम करणाऱ्या माणसाला क्रूर ठरवणं आम्हाला नवं नाही. 2016 च्या जुलैमध्ये गुजरातेत उना इथे मेलेली गाय सोलणाऱ्या पोरांना गाडीला बांधून फोडून काढलं. त्यानंतर सुरेंद्रनगरला आपल्या लोकांनी मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीसमोर आणून टाकली. तुमची तुम्ही उचला! एकीकडे कचेरीची कमान, दुसरीकडे फुगलेलं ढोर. याला म्हणतात माँटाज.

आता लाल भावांकडे वळतो. त्यांच्या पोथीत एक पान चिकटवून टाकलेलं आहे, ते सोडवू. अलेक्सांदर अस्कोल्दोव्हचा 'कोमिसार'. 1967 मध्ये तयार झाला, क्रांतीच्या पन्नासाव्या वर्षी. यादवी युद्धातली लाल सैन्याची अधिकारी बाई, क्लावदिया वाविलोवा. कडक. पळून गेलेल्या शिपायाला गोळी घालायचा हुकूम देते. पण तिला दिवस गेलेत. तिला बाळंतपणासाठी एका गरीब ज्यू कल्हईवाल्याच्या घरी ठेवतात. घरात सहा पोरं, खायला बटाटे. कल्हईवाला आधी कुरकुरतो, मग त्याची बायकोच तिचं बाळंतपण निभावते. आणि मग त्या घरची पोरं एक खेळ खेळतात. दंगल-दंगल. ज्यूंच्या वस्तीवर जमाव चालून येतो, तो खेळ. स्वतःच्याच बहिणीला घेरून छळतात. इतक्या वेळा पाहिलंय की खेळता येतं! ती क्रांतीची अधिकारी बघत राहते. तळघरात लपले असताना ती सगळ्या जगाच्या कष्टकऱ्यांच्या एकजुटीचं सांगते, आणि पडद्यावर पुढचा काळ दिसतो. तीच माणसं, अंगावर ज्यूपणाची खूण, रांगेनं छावणीत चाललेली.

पक्षानं काय केलं? सिनेमा कपाटात टाकला. वीस वर्षं. 1987 मध्ये मॉस्कोत दाखवला, 1988 मध्ये बर्लिनला चांदीचं अस्वल मिळालं. अस्कोल्दोव्हला पक्षातून काढलं आणि त्याला परत कथापट करता आला नाही. एकच सिनेमा, आयुष्य संपलं. गुन्हा काय? गरीब तर सगळेच होते, पण ज्यू म्हणून मारला जाणारा गरीब वेगळा मरतो, एवढं त्यानं दाखवलं.

ओळखीचं वाटतंय ना? वर्ग गेला की जात आपोआप जाईल, जातीचं काढू नका, एकजूट फुटते. हे ऐकत आपल्या तीन पिढ्या मोर्च्यात चालल्या. 'कोमिसार' बघा आणि मग त्यांना विचारा, कॉम्रेड, हा पिक्चर तुम्ही आम्हाला का नाही दाखवला? मी क्रांतीच्या विरोधात बोलत नाहीये. अस्कोल्दोव्हही बोलत नव्हता. त्याची वाविलोवा शेवटी बाळ त्या ज्यू घरात ठेवून परत लढायला जाते. तिला ते घर पाहिल्याशिवाय जाऊ दिलं नाही, एवढंच त्यानं केलं.

आयझेनस्टाइनलाही सोडलं नाही, बरं का. 'बेझिन कुरण' 1937 मध्ये बंद पाडला, 'इव्हान द टेरिबल'चा दुसरा भाग दाबला, तो 1958 ला निघाला. तोवर माणूस मरून दहा वर्षं झाली होती. पाराजानोव्हला 1973 मध्ये तुरुंगात घातलं. आणि हा पाराजानोव्ह आर्मेनियन, तिब्लिसीत जन्मलेला. दोव्झेन्को युक्रेनचा. ओडेसाचा तो जिनाही युक्रेनमध्येच, आणि 2022 पासून त्या शहरावर रशियाचीच क्षेपणास्त्रं पडली. सगळ्यांना मिळून 'रशियन सिनेमा' म्हणायचं ही मोठ्यानं लहानाचं नाव गिळायची रीत आहे. पत्रकावर तोच शब्द असतो म्हणून मीही लिहिलाय, पण तोंडात खडा लागतो.

एक गोष्ट मात्र सांगायचीच. तारकोव्हस्की. त्याचं नाव काढलं की आपल्याकडचे लोक लगेच डोळे मिटून अध्यात्मात शिरतात. त्यांचं त्यांना लखलाभ. 'आंद्रेई रुब्लेव्ह' 1966 चा, त्यांच्याच देशात 1971 ला निघाला. त्यात शेवटी एक पोरगा येतो, बोरिस्का. साथीत घंटा ओतणारे सगळे मेलेत. राजाची माणसं कारागीर शोधतायत. पोरगा म्हणतो, बापानं मरताना मला गुपित सांगितलंय. माती शोधतो, खड्डा खणतो, मोठमोठ्या बाप्यांवर ओरडतो. घंटा चुकली तर मुंडकं जाणार. घंटा वाजते! आणि पोरगा चिखलात पडून ढसाढसा रडतो. बापानं काहीच सांगितलं नव्हतं.

मला त्यात देव दिसला नाही. मला आपल्यातली पहिल्या पिढीची पोरं दिसली. घरात पुस्तक नाही, पाटी नाही, कुणी गुपित सांगितलेलं नाही, आणि तरी मुंडकं पणाला लावून ओततायत.

आता सोसायटीचं कार्ड लागत नाही. मॉसफिल्मनं आपले कितीतरी जुने सिनेमे यूट्यूबवर फुकट टाकलेत, 'पोटेमकिन'ही सापडतो. वस्तीत एक चादर बांधा, कुणाचा तरी प्रोजेक्टर आणा, नसेल तर टीव्ही बाहेर काढा. पिक्चर मुका आहे, मधल्या पाट्या मोठ्यानं मराठीत सांगायला दहावी-बारावीची एखादी पोरगी उभी करा. मांस आलं की तिथेच थांबवा. म्हाताऱ्यांना विचारा, असलं कुणी खाल्लंय? त्यांचं बोलून होऊ द्या, कितीही वेळ लागो. मग पुढचं चालू करा.