हमीचा कागद आणि बंद पडलेले इंजिन

एप्रिल आणि मे हे दोन महिने रत्नागिरी जिल्ह्यातील छोट्या वाहनधारकाचे वर्ष तारतात किंवा बुडवतात. आंब्याच्या पेट्या रातोरात वाशीच्या बाजारात पोहोचवायच्या असतात, मुंबईचा चाकरमानी गावी आलेला असतो, गणपतीपुळ्याला पर्यटकांची रीघ लागलेली असते. नेमक्या अशा वेळी, सहा-आठ महिन्यांपूर्वी कर्ज काढून घेतलेल्या जुन्या पिकअपचे इंजिन परशुराम घाटात धूर ओकून बसते. मालकाजवळ इंजिनाची एक वर्षाची हमी देणारा कागद असतो. त्यासाठी गाडीच्या किमतीखेरीज वेगळे पैसे मोजलेले असतात. गाडी ओढून नेली जाते, आठ-दहा दिवस जातात आणि उत्तर येते: बिघाड विक्रीपूर्वीचा आहे, सबब दावा नामंजूर. हंगाम गेला, हप्ते मात्र राहिले.

या उत्तरातील तर्क नीट पाहण्यासारखा आहे. बिघाड विक्रीपूर्वीचा असेल, तर ‘तपासून प्रमाणित केलेली गाडी’ असा जो दाखला विक्रीच्या वेळी दिला गेला तो खोटा ठरतो. बिघाड नंतरचा असेल आणि मालकाने हयगय केलेली नसेल, तर हमी लागू होते. दोन्हीपैकी काहीही खरे असले तरी ग्राहकाचे पैसे लागतातच. परंतु विकणारा एक, तपासणारा दुसरा आणि हमीचा कागद देणारा तिसरा, अशी व्यवस्था असल्यामुळे प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. ज्याने बॉनेट उघडून पाहिले त्याला दोष दिसला नाही आणि ज्याला इंजिनातले काही कळत नाही त्याने मात्र तो ओळखायला हवा होता, असा हा न्याय आहे!

इंजिन सहसा एका फटक्यात मरत नाही. पाण्याची एखादी रबरी नळी झिजते, घाटात पाणी कमी पडते, इंजिन तापते, हेड गॅस्केट जाते, पाणी ऑइलमध्ये मिसळते आणि शेवटी बेअरिंग व क्रँक निकामी होतात. अशा करारांत सहसा बेअरिंग आणि क्रँक यांना संरक्षण असते, रबरी नळीला नसते. आणि संरक्षण नसलेल्या भागामुळे झालेले पुढील नुकसानही वगळलेले असते. म्हणजे जी साखळी इंजिनाला मारते तिची पहिलीच कडी कराराबाहेर ठेवली की उरलेली सगळी हमी निर्धोकपणे देता येते. त्यात भर अशी की कारण शोधायला इंजिन उघडावे लागते आणि दावा मंजूर होईपर्यंत उघडण्याचा खर्च मालकाच्या माथी असतो. गाडी सोडवायची तर तो भरा, अन्यथा ती तिथेच सडू द्या.

कोकणात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर पाण्याखाली गेले, तेव्हा घरे-दुकानांबरोबर असंख्य वाहनेही बुडाली. इंजिनात शिरलेले पाणी हवेसारखे दाबले जात नाही. अशा स्थितीत कोणी किल्ली फिरवली की कनेक्टिंग रॉड वाकतो. तो किंचित वाकला तर गाडी काही काळ चालतेही. बुडालेली वाहने विमा कंपन्यांकडून लिलावात जातात आणि त्यांतील काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, हा प्रत्येक महापुरानंतरचा अनुभव आहे. नोंदणी पुस्तिकेत ‘पुरात बुडालेली’ असा रकाना नाही. जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांना अधिकृत नोंदणी बंधनकारक करणारे केंद्रीय नियम डिसेंबर २०२२ मध्ये निघाले व १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. पण त्यांचा भर मालकी, कागदपत्रे आणि वाहनाच्या वापराची नोंद यांवर आहे. इंजिनाच्या प्रकृतीविषयी ते मूक आहेत.

दावा नाकारण्याचे दुसरे आवडते कारण म्हणजे ‘बाहेरच्या’ गॅरेजमध्ये केलेली दुरुस्ती. लांजा वा राजापूर तालुक्यातल्या माणसाने ऑइल बदलायला जिल्ह्याच्या ठिकाणी यावे, एक दिवसाची कमाई बुडवावी, आणि गावातल्या ओळखीच्या मिस्त्रीकडे जाऊ नये, ही अपेक्षा शहरी कचेरीत बसूनच सुचू शकते. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या निर्णयात, स्वतंत्र गॅरेजमध्ये दुरुस्ती केली म्हणून सरसकट हमी रद्द करण्याची अट घालू नये, सदोष दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारता येईल, असे बजावले होते. हा निर्णय नव्या गाड्यांच्या कंपन्यांविषयी होता आणि त्यातील दंडाचा वाद पुढे न्यायालयांत गेला. जुन्या गाडीवरील हमीलाही तेच तत्त्व लावू नये असे कोणतेही कारण नाही.

जुनी गाडी हा येथे हौसेचा विषय नव्हे. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली, पण स्थानकापासून वाडीपर्यंतचा रस्ता उरतोच. एसटीच्या २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपाने आडगावांना स्वतःच्या वाहनाची गरज पुन्हा जाणवून दिली. सार्वजनिक वाहतूक जेथे आखडते तेथे गरीब माणूस कर्ज काढून तिची जागा भरतो.

असा माणूस ‘धंद्यासाठी’ गाडी घेतो म्हणून तो ग्राहकच नव्हे, असा बचाव अजूनही केला जातो. लक्ष्मी इंजिनिअरिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच स्पष्ट केले आहे की, पोटासाठी स्वतः चालवायला रिक्षा वा ट्रक घेणारा ग्राहक आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे घेतली म्हणून त्याचे ते स्थान जात नाही. कायदा येथे त्याच्या बाजूचा आहे. पुराव्यापाशी मात्र तो त्याला एकटे सोडतो. दोष चाचणीवाचून ठरत नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, पण त्याचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. २०१९ च्या कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा आणली खरी. पण त्या मुद्द्यावर दाद मागायची तर जिल्हा आयोग चालत नाही, राज्य आयोगाचे दार ठोठवावे लागते.

युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार, विक्रीनंतर एका वर्षात दिसलेला दोष विक्रीच्या वेळीच होता असे गृहीत धरले जाते. तसे नव्हते हे विक्रेत्याने सिद्ध करायचे. विक्रेत्याकडून घेतलेल्या वापरलेल्या वस्तूही त्यात येतात. तेथे जो दोष ‘आधीचा’ म्हणून विक्रेत्याला बांधतो, तोच येथे ‘आधीचा’ म्हणून त्याला मोकळा करतो. एवढा एक बदल संसदेकडे मागण्यासारखा आहे. त्याच्या जोडीला विक्रीपूर्व तपासणीचा संपूर्ण अहवाल आणि पुराचा वा अपघाताचा इतिहास लेखी देण्याची सक्ती हवी.

कायदा बदलेपर्यंत कार्यकर्त्यांना करता येण्याजोगे पुष्कळ आहे. १९७२ साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली महागाईविरुद्ध लाटणी घेऊन निघालेल्या स्त्रियांनी ग्राहकाचा प्रश्न श्रमिकाच्या चळवळीचा केला होता. गाडीचा हप्ता भरणारा चालक त्याच घरातला आहे. त्याला पहिली गोष्ट सांगायची ती ही, की नकार तोंडी ऐकून घेऊ नये, कलमाचा उल्लेख करून लेखी मागावा. इंजिन दोन्ही पक्षांसमक्षच उघडावे, छायाचित्रे काढावीत, निघालेले ऑइल बाटलीत बंद करून ठेवावे, तुटलेले भाग भंगारात जाऊ देऊ नयेत. गावच्या मिस्त्रीकडून प्रत्येक वेळी तारीख आणि किलोमीटर घातलेली पावती घेण्याची सवय लावावी. मिस्त्री कुरकुरेल, पण हीच पावती पुढे साक्ष देते. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विक्रेता मुंबईचा असला तरी रत्नागिरीच्या आयोगापुढे त्याला उत्तर द्यावे लागते. आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मसुदा लिहून देणारा एक माणूस आणि आठवड्यातली एक संध्याकाळ प्रत्येक तालुक्याला मिळाली तरी पुरे. पावसाळ्यात पर्यटन थंडावलेले असते, आंब्याचा हंगाम उरकलेला असतो, चालक घरी सापडतात. कामाला तेव्हाच सुरुवात करता येईल.