धारेचा बारीक दगड जपा

हल्ली काही घरांत दोन बाजूंचा धारेचा दगड दिसतो. एक बाजू १००० नंबरची, दुसरी ६००० ची. आकडा मोठा तितका कण बारीक. खरखरीत बाजू लोखंड खाते, धार काढते. बारीक बाजू त्या धारेवर शेवटचा हात फिरवते, एवढंच तिचं काम.

तेव्हा घरातलं प्रत्येक पातं तिच्यावर चढवू नका.

कोयत्याला कानस पुरते. विळी-कात्री दारावर येणाऱ्या धारवाल्याला द्या. त्याचंही पोट आहे.

सुरी लावण्याआधी धार उजेडात धरून बघा. जिथे चकाकतं तिथे ती बोथट आहे किंवा खाच पडली आहे. अशी सुरी आधी खरखरीत बाजूवर नीट करा. खाचेच्या कडा बारीक दगडावर ओरखडे काढतात.

सगळ्यात जास्त घात करतं ते सुरीचं टोक. धार पुढे ठेवून ढकलताना हात जरा उचलला गेला, की पातं दगडात रुततं आणि टवका निघतो. तो भरून येत नाही. सगळा दगड तेवढा झिजवावा लागतो. म्हणून बारीक बाजूवर पातं उलटं चालवा. पाठ पुढे, धार तिच्यामागून. जोर अगदी हलका ठेवा.

अरुंद पटाशी एकाच जागी घासू नका, दगडाला पन्हळ पडते. मग रुंद सुरी त्यावर सपाट बसत नाही आणि तुम्ही दोष सुरीला देता. पटाशी दगडभर फिरवा, कडेकडेलाही न्या.

बाजू बदलताना सुरी, दगड आणि हात, तिन्ही धुवा. हात धुवायचे राहूनच जातात! १००० चा एखादा कण बारीक बाजूवर आला, तरी गुळगुळीत झालेली धार पुन्हा खरखरीत होते.

पाण्याच्या दगडाला तेल लावू नका. तेल छिद्रांत बसतं आणि दगड पातं धरेनासा होतो. बारीक दगड रात्रभर बुडवूनही ठेवू नका, काही दगडांना त्यानं तडे जातात. सोबतच्या कागदात भिजवायला सांगितलं नसेल, तर वरून शिंपडलेलं पाणी पुरे. काम झालं की धुऊन सावलीत वाळवा, उन्हात नको.

अधूनमधून दगडावर पेन्सिलीनं चौकटी आखा. सपाट काचेवर वॉटरपेपर ओला करून त्यावर दगड घासा. रेघा मधेच उरल्या तर तिथे खड्डा आहे. त्या पुसल्या जाईपर्यंत घासा, मग कागदाचे कण धुऊन टाका. दगडाच्या तीक्ष्ण कडाही थोड्या मोडा, म्हणजे कपचे उडणार नाहीत.

दाढीचा वस्तरा लावत असाल, तर त्याचा दगड वेगळाच ठेवा. त्यावर स्वयंपाकघरातली सुरी येऊ देऊ नका. आणि शेजाऱ्यांनी दगड मागितला, तर घरात असेल तो जुना खरखरीत द्या.